दोष कर्नलचा नव्हे, उशिरा घेतलेल्या निर्णयाचा

नेटवर्कच्या खरेदीची बैठक असो की अभियांत्रिकीच्या वर्गातले व्याख्यान, एक विधान इतक्या ठामपणे केले जाते की त्याला पुरावा मागायचे सहसा कुणाला सुचत नाही. ते असे: दहा गिगाबिट आणि त्यापुढच्या वेगाला लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारख्या सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमवर पॅकेट फिल्टर चालवण्याचा नाद सोडावा. कर्नल मुळातच संथ असतो. त्याला वळसा घालणारी डीपीडीकेसारखी यंत्रणा बसवावी, नाहीतर सरळ मोठ्या कंपनीची बंद पेटीतली फायरवॉल विकत घ्यावी.

हे विधान चुकीचे आहे आणि महागात पडणारे आहे. त्यावर विसंबून संस्था गरज नसलेली यंत्रे घेतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की आपल्या नेटवर्कमध्ये काय आत यावे आणि काय बाहेर राहावे, हा निर्णय त्या अशा जागी नेऊन ठेवतात जिथे तो त्यांना वाचताही येत नाही. म्हणून या विधानाचा प्रतिवाद सविस्तर, आकड्यांसह व्हायला हवा.

आधी विरोधी बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडू. ती गणितावर उभी आहे आणि गणित खरे आहे. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची असते. तिच्या आधी येणारे ८ बाइट आणि दोन फ्रेममध्ये सोडावे लागणारे १२ बाइटांइतके अंतर धरले, तर एका फ्रेमला तारेवर ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिटांची जागा लागते. सेकंदाला दहा गिगाबिट वाहणाऱ्या तारेवर अशी १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट्स मावतात. प्रत्येकाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची त्या अवधीत जेमतेम दोनशे आवर्तने होतात. हवी ती माहिती कॅशमध्ये न सापडल्याने मुख्य मेमरीपर्यंत एकदा जावे लागले, तरी एवढा वेळ सहज संपतो. पिसा विद्यापीठातले लुइजी रिझो यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात फ्रीबीएसडीवर एक पॅकेट पाठवण्याचा नेहमीचा मार्ग टप्प्याटप्प्याने मोजला होता. तो ९५० नॅनोसेकंदांचा निघाला. हाताशी ६७ आणि खर्च ९५०, म्हणजे चौदा पट. हे पाहून ‘कर्नलला जमणार नाही’ असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही.

पण या गणितातून तो निष्कर्ष निघत नाही, आणि त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की ६७.२ नॅनोसेकंद ही सर्वांत वाईट परिस्थितीतली मर्यादा आहे. १५१८ बाइटच्या पूर्ण भरलेल्या फ्रेम्स घेतल्या तर त्याच तारेवर सेकंदाला ८ लाख १२ हजार पॅकेट्स येतात आणि प्रत्येकाला १२३० नॅनोसेकंद मिळतात. व्हिडिओ, फाइली, अद्ययावतीकरणे अशी रोजची वाहतूक बरीचशी या टोकाजवळ असते. तार नुसत्या ६४ बाइटच्या पॅकेट्सनी भरून वाहते ती मुख्यतः हल्ल्याच्या वेळी. ती वेळ महत्त्वाची आहेच, पण हल्ल्यातल्या पॅकेटांवर करायचे काम वेगळे असते: ती फक्त टाकून द्यायची असतात. त्यांना पत्ता शोधून, मार्ग ठरवून, प्रोग्रामच्या हाती सोपवायचे नसते.

दुसरे कारण असे की हा हिशेब एका कोअरचा आहे. आजची नेटवर्क कार्डे येणारी वाहतूक पत्ते आणि पोर्ट यांच्या आधारे अनेक रांगांत वाटतात आणि प्रत्येक रांग स्वतंत्र कोअरकडे देतात. आठ कोअरवर वाहतूक सारखी वाटली गेली, तर प्रत्येक कोअरला एका पॅकेटमागे ५३७ नॅनोसेकंद मिळतात. सर्व्हरमध्ये आठ कोअर असणे ही आता चैन राहिलेली नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. ते ९५० नॅनोसेकंद हा एका विशिष्ट मार्गाचा खर्च आहे आणि तो कर्नलचा स्वभाव मानणे ही या विधानातली मूळ चूक आहे. रिझो यांच्या त्या निबंधाचा विषयच मुळी हा होता. प्रत्येक पॅकेटसाठी नवी मेमरी मागणे, मजकुराची नक्कल करणे आणि एकेका पॅकेटसाठी सिस्टिम कॉल करणे, या तीन गोष्टी टाळून त्यांनी नेटमॅप ही सोय उभी केली. मग ९०० मेगाहर्ट्झवर चालवलेला एकच कोअर दहा गिगाबिटची तार सर्वांत लहान पॅकेट्सनी पूर्ण भरू शकला: सेकंदाला तीच १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट्स. नेटमॅप फ्रीबीएसडीच्या कर्नलचाच भाग झाला. त्यात कार्डाचा ताबा कर्नलकडेच राहतो आणि प्रोग्राम चुकला तरी यंत्र कोसळत नाही. ज्या निबंधातला ९५० चा आकडा कर्नलविरुद्ध पुरावा म्हणून पुढे केला जातो, तोच निबंध कर्नलच्या बाजूने साक्ष देतो.

हा वाद नवीन नाही. १९८९ च्या सुमारास जेफ्री मोगल यांनी युनिक्सवर चालणाऱ्या गेटवेसाठी स्क्रीनडी नावाचा फिल्टर लिहिला होता. प्रत्येक पॅकेट पुढे जाऊ द्यायचे की नाही, हे कर्नल एका साध्या प्रोग्रामला विचारत असे. पुढे १९९६ मध्ये मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी अशा व्यवस्थेवर भार वाढवत नेला तेव्हा दिसले ते धक्कादायक होते. येणारी पॅकेट्स सेकंदाला सहा हजारांच्या आसपास गेली की बाहेर पडणाऱ्या पॅकेटांची संख्या जवळजवळ शून्य होई. यंत्र बंद पडलेले नसे, उलट ते पूर्ण वेळ राबत असे. पण ते नुसते इंटरप्ट ऐकत राही, पॅकेट्स रांगेत लावत राही आणि रांग भरल्यामुळे तीच पॅकेट्स फेकून देत राही. त्यांनी सुचवलेला उपाय दुहेरी होता. भार वाढला की इंटरप्ट बंद करून कर्नलने स्वतःच्या सवडीने, ठरावीक संख्येने पॅकेट्स उचलावीत. आणि जे टाकायचेच आहे ते त्यावर कमीत कमी श्रम खर्च झालेले असताना, शक्य तितक्या आधी टाकावे. पुढे लिनक्सने याच धर्तीवर कार्डाशी बोलण्याची पद्धत बदलली आणि फ्रीबीएसडीतही कार्डाकडे स्वतःहून पाहत राहण्याची सोय आली.

त्याच काळातले दुसरे उदाहरण बीपीएफ या पॅकेट फिल्टरचे. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगोच्या युजनिक्स परिषदेत तो मांडला. त्याआधीच्या पॅकेट फिल्टरमधले निर्णययंत्र स्टॅकवर चालणारे होते आणि तत्कालीन नव्या प्रोसेसरांवर ते संथ पडे. मॅकॅन आणि जेकबसन यांनी रजिस्टरवर चालणारे छोटे काल्पनिक यंत्र बनवून कर्नलमध्ये बसवले. फिल्टर मूळ रचनेपेक्षा २० पटींपर्यंत वेगवान झाला. शिवाय नको असलेले पॅकेट नक्कल करण्याआधीच गाळल्याने आणि साठवणीची पद्धत सुधारल्याने सगळी व्यवस्था मिळून त्याच यंत्रावर सन या संगणक कंपनीच्या तत्कालीन सोयीपेक्षा १०० पटींपर्यंत वेगवान ठरली. यंत्र तेच होते आणि काम कर्नलमध्येच होत होते. फक्त निर्णयाची जागा आणि रीत बदलली होती.

तीस वर्षांत हेच पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे, आणि माझ्या प्रतिवादाचा गाभाही हाच आहे: पॅकेट फिल्टरचा वेग ठरतो तो निर्णय किती लवकर घेतला यावरून. परत पाठवायचा माल नाक्यावरूनच परतवायचा असतो. तो गोदामात उतरवून, वजन करून, वहीत नोंदवून मग बाहेर फेकला तर दोष गोदामाच्या इमारतीला देता येत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट मोजमाप २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या अभियंत्यांनी जाहीर केले. एकाच यंत्रावर, एकाच कोअरवर, एकाच कर्नलमध्ये नको असलेली पॅकेट्स वेगवेगळ्या ठिकाणी टाकून त्यांनी मोजणी केली. पॅकेट प्रोग्रामपर्यंत पोचू दिले आणि तिथे टाकले, तर सेकंदाला सुमारे १ लाख ७५ हजार पॅकेट्स झेपली. आयपीटेबल्स या लिनक्सच्या नेहमीच्या फायरवॉलच्या इनपुट साखळीत टाकली, तर सुमारे ६ लाख. त्याच आयपीटेबल्समध्ये, पण जोडण्यांची नोंद होण्याआधीच्या रॉ टेबलमध्ये टाकली, तर जवळजवळ १७ लाख. आणि ड्रायव्हरच्या पातळीवर, एक्सडीपीमध्ये टाकली, तर १ कोटी. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात ५७ पटींचा फरक आहे. कर्नलच संथ असता, तर हा फरक आला कुठून?

एक्सडीपी म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण विरोधी बाजू बहुधा त्याच्या आधीच्या काळातल्या कर्नलविषयी बोलत असते. लिनक्समध्ये पॅकेट आले की त्याच्याभोवती एक मोठी नोंद तयार होते. ते कुठल्या कार्डावरून आले, कुठल्या जोडणीचे आहे, त्यातले कुठले शीर्षक कुठे सुरू होते, अशी सगळी माहिती त्या नोंदीत असते. ती पुढच्या कामाला उपयोगी असते, पण टाकून द्यायच्या पॅकेटसाठी ती बनवणे निव्वळ वाया जाते. २०१६ मध्ये लिनक्स ४.८ बरोबर आलेला एक्सडीपी ती नोंद बनण्याआधी, पॅकेट कार्डाकडून मेमरीत आल्याआल्या, एक छोटा प्रोग्राम चालवतो. तो उत्तर देतो: टाका, पुढे जाऊ द्या, आल्या वाटेने परत पाठवा किंवा दुसरीकडे वळवा. हा प्रोग्राम ईबीपीएफच्या सूचनांमध्ये असतो, म्हणजे १९९३ च्या त्या काल्पनिक यंत्राच्या विस्तारलेल्या रूपात. चढवण्याआधी कर्नलमधला पडताळक त्याची प्रत्येक शक्य वाट तपासतो: तो मर्यादेबाहेरच्या मेमरीला हात लावत नाही ना, आणि नक्की संपतो ना. मगच त्याचे प्रोसेसरच्या थेट भाषेत रूपांतर होते. वाहतूक न थांबवता तो बदलताही येतो.

आता डीपीडीकेविषयी. त्याची बाजू मांडणारे म्हणतात, काहीही करा, वळसा घालणे अधिक वेगवानच असते. हे खरे आहे, आणि आकडेच पाहू. एक्सडीपीच्या कर्त्यांनी २०१८ मध्ये आपल्या शोधनिबंधात स्वतःच दोन्हींची तुलना छापली. नुसते पॅकेट टाकण्याच्या कामात एका कोअरवर एक्सडीपी सेकंदाला २ कोटी ४० लाखांपर्यंत पोचला आणि डीपीडीके ४ कोटी ३५ लाखांपर्यंत. त्याच यंत्रावर आयपीटेबल्सच्या रॉ टेबलने ४८ लाख आणि जोडण्यांची नोंद ठेवून १८ लाख पॅकेट्स हाताळली. डीपीडीके पुढे आहे हे निर्विवाद. पण दहा गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेट्स किती येऊ शकतात? दीड कोटीहून थोडी कमी. म्हणजे एक्सडीपीचा एकच कोअर ती तार पूर्ण हाताळून वर सवड ठेवतो. रॉ टेबलसारख्या जुन्या मार्गालाही हिशेबाने चार कोअर पुरतात. आणि कोअर वाढवत नेल्यावर त्या मोजणीत एक्सडीपी आणि डीपीडीके दोघेही ११ कोटी ५० लाखांच्या आसपास एकाच भिंतीला टेकले. ती भिंत पीसीआय बसची होती, कर्नलची नव्हती.

या वेगाची किंमतही मोजली पाहिजे. डीपीडीके कार्ड कर्नलकडून काढून घेतो. त्यानंतर टीसीपीडम्प या पॅकेट्स पाहण्याच्या साधनाला त्या कार्डावरचे काही दिसत नाही. मार्गतक्ता, शेजारी यंत्रांचे पत्ते आणि फायरवॉलचे नियम यांना त्या वाहतुकीपुरता काही अर्थ उरत नाही. हे सगळे पुन्हा लिहावे लागते किंवा कर्नलशी वेगळा पूल बांधून जोडावे लागते. तीस वर्षे जगभर वापरून घासलेला कोड बाजूला ठेवून आपण आपला नवा, कमी तपासलेला कोड तारेच्या तोंडाशी बसवतो. शिवाय त्याच्या नेहमीच्या पद्धतीत कोअर सतत कार्डाकडे पाहत फिरत राहतो. रात्री तीन वाजता एकही पॅकेट येत नसले तरी तो शंभर टक्के व्यग्रच असतो. एक्सडीपीत प्रोसेसरचा वापर वाहतुकीबरोबर वाढतो आणि तिच्याबरोबर उतरतो.

डीपीडीकेचे काम नसते असे मी म्हणत नाही. मोबाइल कंपनीचा मध्यवर्ती गेटवे, फक्त पॅकेट पुढे ढकलण्यासाठीच बांधलेले यंत्र, किंवा चाचणीसाठी वाहतूक निर्माण करणारे साधन, अशा ठिकाणी तो उत्तम. पण ज्या संस्थेला एक वा दोन दहा-गिगाबिट जोडण्या राखायच्या आहेत, तिला ‘कर्नल संथ आहे’ असे सांगून त्या वाटेने पाठवणे हा चुकीचा सल्ला आहे. ज्यांचा पसारा खरोखर प्रचंड आहे, त्यांनी काय केले तेही पाहावे. फेसबुकने आपला कट्रान हा भार-वाटप करणारा प्रोग्राम एक्सडीपीवर बांधला आणि २०१८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. क्लाउडफ्लेअर हल्ल्यांच्या वेळी आधी कर्नलला वळसा घालणारी पद्धत वापरत असे. नंतर ते एक्सडीपीकडे आले. ज्यांना वेगाची सर्वांत जास्त गरज, त्यांनी कर्नलकडे परत यावे ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बंद पेटीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद आणखी कच्चा आहे, कारण त्या पेटीत अनेकदा असाच कर्नल असतो. ज्युनिपरच्या जुनॉसचा पाया फ्रीबीएसडीचा आहे. आपल्याकडे गावोगावच्या इंटरनेट पुरवठादारांकडे सर्रास दिसणाऱ्या मायक्रोटिकच्या राउटरांवरचे राउटरओएस लिनक्सच्या कर्नलवर चालते. मोठ्या पेट्यांत पॅकेट ढकलण्यासाठी खास बनवलेल्या चिप असतात आणि शंभर गिगाबिटच्या अनेक तारांवर त्यांना पर्याय नाही, हे मान्य. पण मध्यम किमतीच्या पेटीत अनेकदा साधा प्रोसेसर आणि युनिक्स वळणाचा कर्नलच असतो. मग जे काम आपल्या सर्व्हरवर अशक्य म्हणून सांगितले जाते, ते त्याच कर्नलला पत्र्याच्या पेटीत घातल्यावर शक्य कसे होते?

आणि पेटीवरचा आकडा? माहितीपत्रकात वेग गिगाबिटमध्ये दिलेला असतो आणि ठळक छापलेला आकडा बहुधा मोठ्या पॅकेट्सवरचा असतो. फायरवॉलला काम पडते ते मुख्यतः पॅकेटांच्या संख्येमुळे, त्यांच्या लांबीमुळे नाही. मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २५४४ या दस्तऐवजात नेटवर्क उपकरण कसे तपासावे याची पद्धत घालून दिली आहे. त्यात इथरनेटसाठी ६४ पासून १५१८ बाइटपर्यंतच्या सात लांबींच्या फ्रेम्सवर मोजणी करायला सांगितले आहे. खरेदी करणाऱ्याने ६४ बाइटच्या ओळीतला आकडा मागावा, आणि तोही आपण प्रत्यक्ष वापरणार आहोत तेवढे नियम चालू असतानाचा. विक्रेता तो आकडा देत नसेल, तर त्याच्या उपकरणाला वेगवान म्हणायचा आधार आपल्याकडे नाही.

बंद पेटीतला खरा धोका मात्र वेगाचा नाही. डिसेंबर २०१५ मध्ये ज्युनिपरने स्वतः जाहीर केले की आपल्या स्क्रीनओएस या फायरवॉल प्रणालीत अनधिकृत कोड सापडला आहे. त्यामुळे प्रशासकाचा प्रवेश मिळू शकत होता आणि दुसऱ्या एका बदलामुळे व्हीपीएनची वाहतूक उलगडता येत होती. नेटवर्कचे रक्षण करण्यासाठी ठेवलेल्या यंत्रातच चोरवाट होती आणि वापरणाऱ्या संस्थांना ती दिसण्याचा मार्गच नव्हता. खुल्या कर्नलमध्ये त्रुटी नसतात असे नाही. ईबीपीएफच्या पडताळकातच २०१७ आणि २०२० मध्ये अशा चुका सापडल्या, ज्यांतून साध्या वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळू शकले असते. पण त्या चुका कुठल्या ओळीत होत्या, दुरुस्ती काय झाली आणि कुठल्या आवृत्तीत झाली, हे कुणालाही पाहता येते. साध्या वापरकर्त्याला असे प्रोग्राम चढवू देण्याची सोयही आता लिनक्समध्ये मुळातच बंद ठेवण्याकडे कल आहे. चूक उघडी पडणे आणि चूक झाकलेली राहणे, यांत सुरक्षिततेच्या दृष्टीने कुठली स्थिती बरी, याचे उत्तर संस्थांनी स्वतःला द्यावे.

आता त्या अनुभवाकडे वळतो, ज्याच्या जोरावर हे विधान टिकून आहे. अनेकांनी आपल्या डोळ्यांनी लिनक्सची फायरवॉल गुदमरताना पाहिलेली असते. तो अनुभव खोटा नाही. पण अशा वेळी बहुतेकदा दोन गोष्टी आढळतात, आणि दोन्ही दुरुस्त होण्यासारख्या असतात.

पहिली म्हणजे नियमांची लांबलचक यादी. आयपीटेबल्समध्ये नियम वरून खाली एकेक तपासले जातात. कुणी एकेक पत्ता अडवत वर्षानुवर्षे नियम वाढवत नेले आणि यादी पाच हजारांवर गेली, तर कुठल्याच नियमात न बसणाऱ्या प्रत्येक पॅकेटला पाच हजार प्रश्न विचारले जातात. कुठलाही प्रोसेसर हे सहन करणार नाही. याचे उत्तर कर्नलमध्ये फार आधीपासून आहे. आयपीसेट किंवा एनएफटेबल्समधल्या संचात हेच पाच हजार पत्ते ठेवले की एका शोधात उत्तर मिळते. ओपनबीएसडीच्या पीएफमध्ये आणि फ्रीबीएसडीच्या आयपीएफडब्ल्यूमध्ये त्यासाठी टेबल आहेत. डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेला पीएफ डिसेंबर २००१ मध्ये ओपनबीएसडी ३.० बरोबर आला, तेव्हापासूनच तो एकसारखे निकष असलेले लागोपाठचे नियम आपणहून ओलांडून पुढे जातो. हार्टमायर यांनी २००२ मध्येच मोजून दाखवले होते की चालू जोडणीची नोंद शोधणे हे पूर्ण नियमावली तपासण्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे: जोडण्यांची नोंद नको तिथे ठेवणे. नेहमीच्या वाहतुकीत ही नोंद वेळ वाचवते. हल्ल्यात तीच घात करते. खोट्या पत्त्यांवरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटसाठी नवी नोंद उघडली जाते, तक्ता भरतो, लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ अशा ओळींचा पाऊस पडतो आणि खऱ्या ग्राहकाचीही जोडणी नाकारली जाते. प्रशासक लिहून मोकळा होतो की लिनक्सला भार झेपला नाही. वास्तविक तो निर्णय नोंदीआधी, रॉ टेबलमध्ये किंवा एक्सडीपीत घ्यायला हवा होता. टीसीपीची जोडणी मागणाऱ्या पॅकेट्सचा पूर आला, तर नोंद न ठेवता उत्तर देणाऱ्या सिन कुकीज १९९६ पासून उपलब्ध आहेत. पीएफमध्ये आणि लिनक्समध्ये त्यासाठी सिनप्रॉक्सीही आहे. साधने कर्नलमध्येच होती. ती वापरायला कुणी शिकवले नव्हते.

एक आक्षेप मात्र पूर्णपणे बरोबर आहे. दहा गिगाबिटच्या तारेवर शंभर गिगाबिटचा लोंढा आला, तर तारेच्या या टोकाला बसवलेला कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. तार आधीच भरलेली असते आणि खरी पॅकेट्स पलीकडेच गळून पडतात. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेऊन डाइन या कंपनीची नावनिर्देशन सेवा कोलमडवली, तेव्हा जगाने हे अनुभवले. अशा हल्ल्याला अडवायचे ते पुरवठादाराच्या पातळीवर. खोटा पत्ता लावलेली पॅकेट्स उगमापाशीच रोखा, हे आरएफसी २८२७ ने मे २००० मध्ये सांगितले आहे आणि प्रत्येक पुरवठादाराने ते पाळलेच पाहिजे. पण हा आक्षेप महागड्या पेटीलाही आणि डीपीडीकेलाही तितकाच लागू पडतो. कर्नलविरुद्ध तो वापरता येत नाही. उलट, अडवायचे ते लवकर अडवा हेच तत्त्व इथे तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेले जाते.

मग करायचे काय? आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेटवर्क शिकवताना पॅकेटचा कर्नलमधला प्रवास शिकवला पाहिजे, नुसते सात स्तरांचे चित्र काढून थांबू नये. दोन साधे संगणक, दोन दहा-गिगाबिट कार्डे आणि एक तार, एवढ्यावर हा प्रयोग होतो. लिनक्समध्ये पॅकेटजेन आणि नेटमॅपबरोबर येणारा पीकेटी-जेन ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. एकाच पॅकेटला प्रोग्राममध्ये, इनपुट साखळीत, रॉ टेबलमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये टाकून विद्यार्थ्याने स्वतः चार आकडे काढले, की त्याला कुठलाही विक्रेता फसवू शकणार नाही. सहकारी बँका, नगरपालिका आणि छोटे इंटरनेट पुरवठादार यांनी नवी पेटी घेण्याआधी आपली सध्याची नियमावली वाचावी, याद्या संचात बदलाव्यात, नोंद कुठे लागते आणि कुठे नाही ते ठरवावे, आणि सेकंदाला पॅकेट्स किती येतात ते मोजावे. मोजल्यावरही कर्नल खरोखर अपुरा पडला, तर जरूर दुसरी वाट धरावी. ती निवड आकड्यांवर आधारलेली असेल आणि तिला माझा विरोध असणार नाही.

माझा विरोध आहे तो न मोजता केलेल्या शरणागतीला. काय आत येऊ द्यायचे हा निर्णय संस्थेचा स्वतःचा आहे. तो जिथे घेतला जातो ती जागा वाचता, तपासता आणि बदलता आली पाहिजे. युनिक्स वळणाच्या खुल्या कर्नलने ही मुभा दिली आहे, आणि तिच्यासाठी दहा गिगाबिटच्या तारेवर वेगाचा त्याग करावा लागत नाही, हे वर दिलेल्या मोजण्यांनी दाखवले आहे. ‘कर्नल संथ आहे’ असे यापुढे कुणी म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे: पॅकेट तुम्ही टाकले कुठे, आणि सेकंदाला किती? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत खरेदीच्या कागदावर सही करू नये.